सहानंतरचे मिस्त्री

दिवसा ते कधीच यायचे नाहीत. सकाळी अकराला बेसिन तुंबो की दुपारी दोनला नळाची मूठ हातात येवो, फोनवर एकच उत्तर मिळायचं, "दिवसाचे मिस्त्री ढिगानं हायेत, त्यांना बोलवा. न्हाईच कुनी आलं तर सहानंतर सांगा." हे उत्तरही त्यांचं नसायचं, त्यांच्या बायकोचं असायचं. फोन कायम देहूच्या अलीकडे त्यांच्या घरी असायचा. ते स्वतः फोन घेऊन कधी फिरले नाहीत.

रावेतच्या आमच्या सोसायटीत त्यांना सगळे नुसतं 'मिस्त्री' म्हणायचे. ठेंगणे, काटक, मान जराशी पुढे काढून चालणारे. अंगात कंपनीचा जुना निळा शर्ट असायचा. खिशावरचं कंपनीचं नाव उसवून काढलेलं, पण टाक्यांची भोकं तशीच राहिलेली. चाकणच्या एका कंपनीत प्रेस शॉपला, पत्रा ठोकणाऱ्या यंत्रांवर, त्यांनी वीसेक वर्षं काढली होती. नळाचं काम तेव्हा शिफ्ट सुटल्यावर करायचे. पुढे कंपनीनं आपला प्लँटच दुसऱ्या राज्यात हलवला आणि दिवस रिकामा झाला. पण यांनी वेळ काही बदलली नाही.

एकदा मी त्यांना विचारलंसुद्धा, "काका, आता दिवसा मोकळे असता, मग दिवसाची कामं का घेत नाही?"

बेसिनखाली वाकलेले ते म्हणाले, "पाईप बारका टाकलाय बिल्डरनं. त्याच्यानं तुंबतंय."

मला वाटलं, यांना सांगायचं नाही. सोसायटीत बऱ्याच जणांना तसं वाटायचं. मिस्त्री शिष्ट आहे, विचारलं तर उत्तर देत नाही, अशी तक्रार असायची. पण रात्री दहा वाजता पाणी घरात शिरलं की तेच लोक त्यांचा नंबर शोधत धावायचे.

माझी त्यांच्याशी ओळख अशीच झाली. रविवारची संध्याकाळ होती. नवरा दुसऱ्या पाळीला गेलेला. घरात मी आणि माझ्या सासूबाई. सासूबाईंना पक्षाघात होऊन वर्ष झालं होतं. उजवी बाजू गेलेली, बोलणं थोडं जड, पण डोकं लख्ख. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून त्यांना हवेच्या गादीवर ठेवलं होतं. त्या गादीचा पंप विजेवर चालायचा आणि त्याची वायर जमिनीवरून एक्स्टेन्शन बोर्डापर्यंत गेलेली होती. त्यांच्या खोलीला लागूनच बाथरूम. तिथला कॉक मी बादली लावायला म्हणून फिरवला, तर तो मुळापासून तुटून माझ्या हातात आला. भिंतीतून पाण्याचा असा फवारा सुटला की समोरची बादली आडवी झाली. भोकावर टॉवेल दाबला, तर पाणी टॉवेलाच्या कडेनं माझ्या तोंडावर. दोन मिनिटांत उंबरठा ओलांडून पाणी सासूबाईंच्या खोलीत.

वॉचमननं दिलेला नंबर मी फिरवला. पहिल्याच रिंगला एका बाईनं उचलला.

"पानी कुठनं येतंय, ताई? भितीतनं का नळातनं?"

"भिंतीतून! कॉक तुटलाय. तुम्ही मिस्त्रींना लवकर—"

"मिस्त्री यायला पाऊन तास लागंल. तवर आपुन दोघी बंद करू. खोलीत जमिनीवर लाईटची वायर हाय का?"

मी वळून पाहिलं. पाणी बोर्डापासून हातभर अंतरावर होतं. मी बोर्ड उचलायला वाकले असेन तेवढ्यात ती जणू मला बघत असल्यासारखी ओरडली, "हात लावू नका तिला! पाण्यात पाय न टाकता भायेर जावा, दाराजवळचं मेन बटन पाडा. मी हाय फोनवर."

मी बटण पाडलं. घर अंधारलं. आतून सासूबाईंनी हाक मारली, "काय गं?" मी म्हटलं, "काही नाही आई, पाणी आहे." माझा आवाज मलाच ओळखू येईना.

"आता न्हाणीच्या दारावर माळा आसंल बगा. स्टूल घ्या. आत पाईपवर लाल न्हाईतर निळी मूठ आसंल. सापडली?"

सापडली, पण जाम होती. हात घसरत होते.

"फडकं गुंडाळा अन् दोनी हातांनी फिरवा. घड्याळाचा काटा फिरतो तसं. घाबरू नका, पानीच हाय ते."

मूठ फिरली. फवारा बसला, मग धार झाली, मग थेंब. मी स्टुलावरच बसून रडले. ती बाई फोनवर थांबून राहिली. माझं रडणं थांबल्यावर म्हणाली, "झालं न्हवं? आता च्या प्या. ते निघालेत."

ते आले आणि नमस्कार ना चमत्कार, थेट बाथरूममध्ये गेले. आधी तळवा भिंतीवर ठेवला. मग कपाळ टेकवलं आणि डोळे मिटून तसेच उभे राहिले. मला वाटलं, पाईपमधला आवाज ऐकतायत. पुढे कितीतरी वर्षं मी लोकांना तसंच सांगत होते, आमचे मिस्त्री भिंतीला कान लावतात म्हणून. खरं तर ते कान कधीच लावत नसत. कपाळच लावायचे. हे माझ्या लक्षात यायला हवं होतं.

कॉक बसवून झाल्यावर ते खोलीतलं पाणी पुसायला बसले. मी नको नको म्हणत होते. पिशवीतून स्वतःचं फडकं काढून त्यांनी पलंगाखालपर्यंत जमीन कोरडी केली, बोर्ड उचलून पुसला, उलटा करून पाहिला, बाजूला ठेवला आणि म्हणाले, "ह्यो आता वापरू नका." मग स्वयंपाकघराच्या भिंतीतल्या प्लगकडे बोट दाखवलं. मेन बटण परत वर केलं, आमच्या दुसऱ्या बोर्डानं गादीचा पंप सुरू झाला, गादी फुगायला लागली, तेव्हा त्यांनी नव्या कॉकखाली ओंजळ धरली आणि ते पाणी प्यायले. काम झालं की त्याच नळाचं पाणी प्यायचं, चहा घ्यायचा नाही, ही त्यांची रीत होती.

निघतील असं वाटलं, तर ते घरातले दिवे एकेक करून घालवायला लागले.

"ताई, आता मेन कॉक बंद करून दावा."

"आत्ता? अंधारात?"

"पाईप उजेड बगून फुटतो व्हय?"

माझ्याकडून त्यांनी तीन वेळा तो कॉक बंद-चालू करून घेतला. मग दिवे लावून सासूबाईंच्या पलंगाजवळ गेले. "आजी, कॉक कुठाय?"

मी म्हटलं, "काका, त्यांना उठता येत नाही हो."

ते माझ्या तोंडाकडेच बघत होते, म्हणून उत्तर आलं. "उठता येत नसंल. सांगता तर येतंय? उद्या तुमी घरात नसला अन् शेजारीन धावत आली, तर तिला कोन सांगनार?"

सासूबाईंना वर्षभरात कुणी काही काम सांगितलं नव्हतं. आम्ही त्यांना भरवायचो, पुसायचो, कूस बदलायचो. त्यांनी जड जिभेनं, पण ठासून सांगितलं, "न्हाणीचा माळा. डावीकडं. निळी मूठ." मिस्त्री म्हणाले, "पास." सासूबाई हसल्या. अर्धाच चेहरा हसला, पण किती दिवसांनी.

त्यानंतर ते आमच्याकडे बरेचदा आले. नव्या इमारती दिसायला चकाचक, पण आतलं काम घाईघाईत उरकलेलं. कुठं ना कुठं फुटायचंच. ते आमच्याकडे असताना कधी कधी माझ्या फोनवर काकूंचा फोन यायचा. "ताई, त्यांना तिकडनंच पुढं आकुर्डीला पाठवा. पत्ता सांगते, कागदावर लिवून द्या. तोंडी सांगू नका, इसरत्यात ते." मी पत्ता लिहून द्यायची. ते बोट फिरवत सावकाश वाचायचे आणि चिठ्ठी शर्टाच्या खिशात घालायचे. त्यांच्या खिशात अशा कितीतरी चिठ्ठ्या असत, वेगवेगळ्या बायकांच्या अक्षरातल्या.

काकूंना मी कधी पाहिलं नाही, पण ओळख अशी झाली की काही गळत नसलं तरी मी फोन करायची. सासूबाईंना कोणतं तेल लावू, मेथीचे लाडू कडू का होतात, असलं काहीबाही. त्या रात्री कितीही वाजता लावा, पहिल्या-दुसऱ्या रिंगला उचलायच्या. एकदा मी म्हटलं, "काकू, तुम्ही झोपता कधी?" तर हसून म्हणाल्या, "झोपू की, म्हातारपनी."

मग एक महिना असा गेला की कुणी फोन उचलेना.

मी दोन-तीनदा लावला, रिंग वाजून वाजून बंद झाली. आणि एका संध्याकाळी दाराची बेल वाजली. दारात मिस्त्री. पिशवी खांद्याला, दाढी वाढलेली.

"काय गळतंय का?"

"नाही काका. मी बोलावलं नव्हतं. काकू कशा आहेत? फोन उचलत नाहीत."

"मेन कॉक फिरतोय ना नीट?"

मी पुन्हा विचारलं. ते माझ्या ओठांकडे निरखून बघत राहिले आणि त्यांच्या चेहऱ्यावरचा सगळा जोर गेला.

"गेली," ते म्हणाले. "तीन आठवडं झालं."

मी त्यांना आत बसवलं. पाणी दिलं. ते पेल्याकडे बघत बोलायला लागले, आणि मी मध्ये काही विचारलं तरी थांबेनात, तेव्हा मला कळलं.

"मला ऐकू येत न्हाई, ताई. प्रेसवर वीस वर्सं काढली, तिथंच गेलं. आधी एक कान गेला, मग दुसरा. कंपनीत सांगितलं असतं तर काढून टाकला असता. भायेर सांगितलं असतं तर बहिऱ्या मिस्त्रीला कोन बोलावनार? ती म्हनली, ऐकायचं काम माज्यावर सोडा. दिवसा लोक दारात उभं राहून दहा गोष्टी बोलत्यात, मागनं बोलत्यात, चार मजुरांच्या गलक्यात बोलत्यात. तिथं उघडा पडलो असतो. रातचं घरात एकच बाई असती, तिबी घाबरल्याली. तिला बोलायचं नसतं, पानी थांबवायचं असतं. म्हनून सहानंतर."

सासूबाई आतून ऐकत होत्या. त्यांच्या खोलीचं दार उघडंच असायचं.

"ती पहाटं गेली. मी शेजारीच झोपलोवतो. हाक मारली आसंल तिनं. मला काय कळनार?"

त्यांनी खिशातून फोन काढला. मी तो पहिल्यांदाच त्यांच्या हातात पाहिला. साधा, बटणांचा. तो थरथरावा अशी सोय त्यांनी कुणाकडून तरी करून घेतली होती. म्हणाले, "वाजला की छातीला कळतंय. कुनाचं तरी पानी गळतंय, एवढं कळतंय. कुनाचं, ते न्हाई कळत. नावं तिच्या डोक्यात हुती, ह्याच्यात नुसतं आकडं हायेत. म्हनून जुन्या घरांना फिरतोय. आज वाल्हेकरवाडी झाली, आता हितं. म्हनलं, ताईंनी तर न्हाई केला?"

फोन थरथरला की ते गाडी काढायचे आणि घरोघर जाऊन विचारायचे, तुमी बोलावलं का? तीन आठवडे हे चालू होतं. तोवर ज्याचं पाणी फुटलेलं असे त्यानं दुसरा कुणी बोलावून ते दुरुस्तही करून घेतलेलं असे.

मी काही विचार न करता म्हणाले. म्हणजे कागदावर लिहिलं. तुमचा फोन माझ्या फोनवर वळवू. लोकांशी मी बोलेन आणि पत्ता तुम्हाला मेसेजनं पाठवेन.

त्यांनी ते दोनदा वाचलं. "तुमास्नी तरास."

मी लिहिलं, "काही त्रास नाही."

पहिले दोन महिने मला त्याचा अभिमान वाटत होता. कंपनीत, महाळुंग्याला, मी स्टोअर सांभाळायची. दिवसभर तिथं, रात्री हा फोन. "भिंतीतून येतंय का नळातून?" असं विचारायला मी शिकले. चिखलीच्या एका नवऱ्या मुलीला लग्नाच्या आदल्या रात्री पाणी कसं थांबवायचं ते सांगितलं. एका निवृत्त मास्तरांकडे रोज रात्री खोटंखोटंच गळायचं, त्यांना नुसतं बोलायचं असायचं. मी पत्ता पाठवायची, मिस्त्री जायचे आणि घरी पोचल्यावर मला एक मेसेज यायचा. 'झाल.' अनुस्वार त्यांना सापडायचा नाही.

मग पावसाळा सुरू झाला आणि सासूबाईंच्या छातीत कफ भरला. रात्र रात्र त्यांना उशाला टेकवून बसवायला लागायचं. नवऱ्याची पाळी बदलेना. माझं कंपनीत वर्षाचं स्टॉक मोजणं आलं. एका रात्री तीन फोन आले. तिसऱ्या फोनला मी एका बाईवर ओरडले, "अहो, मेन कॉक बंद करा ना, एवढंही कळत नाही?" तिनं फोन ठेवला. मी मिस्त्रींना काही कळवलं नाही. दुसऱ्या रात्री मी फोनचा आवाज बंद करून झोपले. तिसऱ्याही रात्री.

चौथ्या दिवशी सकाळी उठून पाहिलं, तर एकाच नंबरवरून सात फोन येऊन गेलेले. मी लगेच फोन लावला. चिंचवडचं एक कुटुंब होतं. टाकीचा पाईप फुटून रात्रभर पाणी वाहिलं होतं. त्या घरातल्या बाई उलटून म्हणाल्या, "उचलायचा नसेल तर नंबर कशाला ठेवता हो लोकांकडं? मुलाची पुस्तकं गेली सगळी. बारावीला आहे तो."

मी मिस्त्रींना मेसेज केला. काय झालं ते खरंखरं लिहिलं, पत्ताही दिला. उत्तर आलं नाही. संध्याकाळी त्या बाईंचाच फोन आला, आवाज पार उतरलेला. म्हणाल्या, "तुमचे मिस्त्री सकाळीच आले होते. पाईप आम्ही आधीच दुसऱ्याकडून बसवून घेतला होता. तसं सांगितलं, पण त्यांना कळलं नाही वाटतं. फडकं काढून खाली बसले आणि सगळं घर पुसलं. मुलाची पुस्तकं एकेक पान करून पंख्याखाली मांडून गेले. मी बोलायला नको होतं ओ."

माझ्या माहितीत ते दिवसा गेले असं हे एकच काम.

त्याच दिवशी सहानंतर ते माझ्याकडे आले. मी दारातच त्यांच्या हातात कागद दिला. दिवसभर तो खिशात घेऊन फिरत होते मी. त्यावर लिहिलं होतं, 'काका, मला जमत नाही. माफ करा.'

त्यांनी सावकाश वाचलं. रागावतील असं वाटलं. रागावले असते तर बरं झालं असतं.

"बरुबर हाय," ते म्हणाले. "कुनालाच जमायचं न्हाई." कागदाची घडी घातली, पुन्हा उघडली. "अठरा वर्सं मी म्हनायचो, रातचं काम मी करतो, मी जागतो. घरी आलो की पडलो की झोपायचो. मला काय, आवाज न्हाई की काय न्हाई. ती मातर फोन उशाला घिऊन. ती कधी झोपली, ते मी बघितलंच न्हाई, ताई. तुमी चार म्हयन्यात थकला, तवा मला कळलं."

आत सासूबाई खोकत होत्या. ते त्यांच्या खोलीच्या दाराशी गेले, हात जोडले आणि जिन्यानं उतरून गेले. लिफ्ट समोर उभी होती.

फोन त्यांनी बंदच करून टाकला. आम्ही नळाला दुसरा माणूस धरला. चांगला आहे, दिवसा येतो, रात्रीही येतो.

सासूबाई दिवाळीनंतर गेल्या. त्यांचे दिवस झाल्यावर एका दुपारी मी देहूला गेले. मनात बरंच काही होतं. सासूबाई गेल्याचं सांगायचं होतं. आणि तो कागद मी दारातच द्यायला नको होता, आत बसवून द्यायला हवा होता, हे सांगायचं होतं. विचारत विचारत घर शोधलं. दोन खोल्या, पुढे पत्रा. दार उघडं होतं. ते जमिनीवर सतरंजी टाकून भिंतीकडे तोंड करून झोपले होते. मी "काका" म्हणून हाक मारली, आणि मारताच माझं मलाच कसंतरी झालं. आत जाऊन त्यांना हलवावं असं वाटलं. पण इतके गाढ झोपले होते, खांदा संथ वरखाली होत होता. म्हटलं, झोपू दे. बरीच वर्षं राहिलेली झोप आहे. पर्समधल्या कागदावर लिहिलं, 'मी, रावेतची ताई, येऊन गेले. पुन्हा येईन.' तो उंबऱ्याच्या आत सरकवला आणि परत आले.

पुन्हा काही जाणं झालं नाही. आज जाऊ, या रविवारी जाऊ, असं करत दोन महिने गेले. मग एक दिवस त्यांच्या नंबरवरून फोन आला. तो नंबर पडद्यावर बघून मी उभीच राहिले. त्यांची मुलगी बोलत होती, नाशिकला दिलेली. वडील गेल्याचं ती फोनमधल्या सगळ्या जुन्या नंबरांना कळवत होती. मी कोण ते सांगितल्यावर थांबली.

"तुम्ही चिठ्ठी ठेवून गेला होता ना?"

मी हो म्हटलं.

"मी तेव्हा आले होते त्यांच्याकडं. बाबा सारखं म्हणत होते, आलीवती तर उठवायचं ना मला. नंतर कितीतरी दिवस दुपारी झोपलेच नाहीत ते. दाराकडं तोंड करून बसायचे. तुम्ही हाक माराल आणि त्यांना कळणार नाही, म्हणून."